काळ्या रानात गोल्फचं मैदान

सोलापूरच्या वेशीबाहेर, समजा अक्कलकोट रोडला, कुणी खासगी क्लबाचं अठरा होलचं गोल्फ मैदान आखायला घेतलं, तर जागा लागेल पन्नास-साठ हेक्टर. पैसेवाल्याला जागा मिळेलही. खरा पेच मातीचा आणि पाण्याचा.

इथली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. एप्रिलमध्ये भेगेत हात जातो. रब्बी ज्वारीला ही माती वरदान, कारण ती ओल धरून ठेवते. पण चेंडू सरळ घरंगळायचा तर हीच माती नडते. म्हणून होलभोवतीचा गुळगुळीत भाग, म्हणजे ग्रीन, काळ्या मातीवर थेट करत नाहीत. माती खोदून काढतात, तळाशी निचऱ्याचे पाइप, त्यावर साधारण १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर निवडक वाळूचा थर. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं ही रचना १९६० मध्ये प्रसिद्ध केली.

वाळूतलं पाणी खडीत लगेच उतरत नाही, ही यातली खरी गंमत. बारीक कणांमधल्या फटी पाणी ओढून धरतात. वाळूचा खालचा भाग पुरता भरला की मगच ते खडीत गळतं. भिजवलेला स्पंज आडवा धरा, थेंब गळायचे थांबतील. तोच उभा करा, आणखी पाणी पडेल. पाण्याचा स्तंभ उंच झाला म्हणून! वाळूचा थर पातळ पडला तर मुळं कुजतात, जाड झाला तर वरचं गवत वाळतं.

आणि गवत कुठलं? आपली हरळीच. शेतकरी जिच्या नावानं बोटं मोडतो, तिचाच आफ्रिकी हरळीशी केलेला संकर इथं पैसे मोजून लावतात. त्याला बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. ग्रीनवर ती ३-४ मिलिमीटरवर कापतात. सोलापूरचं ऊन तिला मानवतं, थंडीही इतकी पडत नाही की ती पिवळी पडून झोपी जावी.

पाण्याचा हिशेब मात्र झोप उडवतो. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरू. हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. मैदानातलं २५ हेक्टर भिजवायचं धरलं, तर रोज साडेबारा लाख लिटर. माणशी १३५ लिटरच्या शहरी मापानं हे सव्वानऊ हजार लोकांचं पाणी, तेही काही दिवसांआड येणाऱ्या नळाची सवय झालेल्या गावात. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरता येतं, पण त्यातले क्षार साचतात. सोडियम वाढला की काळी माती आणखी घट्ट बसते. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, तर खाली तीच माती असते.

माझ्या मते आखणाऱ्यानं स्कॉटलंडच्या जुन्या मैदानांकडे बघावं. ती समुद्रकाठच्या वाळूच्या कुरणांवर, जमिनीचे चढउतार तसेच ठेवून घडली. इथंही ग्रीन, टी (पहिला फटका मारायची जागा) आणि अरुंद फेअरवे तेवढे भिजवावेत. बाकी रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढू दिलेल्या गवतात, कुसळी, पवन्या, मारवेल ही माळावरची गवतं राहू द्यावीत. ओलिताखाली दहा हेक्टरच ठेवले, तर रोजचं पाणी पाच लाख लिटरवर येतं.

पण हे माळरान पडीक समजून चालणार नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं, शहरापासून फार लांब नाही. काळवीट, लांडगा, धाविक पक्षी याच गवताळ रानातले. धाविक जमिनीवरचे किडे टिपतो. ग्रीनवरची कीटकनाशकाची फवारणी वाऱ्यानं रफवर गेली, तर त्याचं खाणंच संपतं. म्हणून ग्रीन आणि माळ यांच्यामध्ये न फवारलेला रुंद पट्टा नकाशातच आखून ठेवावा लागेल.