बांबूचे पीठ करणारा भुंगेरा

पडवीत टांगलेली, फळे उतरवायच्या झेल्याची बांबूची काठी उतरवताना आपटली आणि तिच्यातून फिकट पिवळसर पीठ भुरभुरले, की बहुतेक घरांत खापर वाळवीवर फुटते. वाळवी मातीचे लिंपण करत येते. बांबूचे कोरडे, बारीक पीठ करणारा कीटक निराळा आहे. त्याचे शास्त्रीय नाव डायनोडेरस मायन्यूटस. फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

हा तांबूस काळपट भुंगेरा जेमतेम ३ मिलिमीटर लांब असतो. भातलावणी करणाऱ्या बाईचे डोके इरल्याखाली दडावे, तसे त्याचे डोके छातीच्या कवचाखाली दडलेले असल्याने वरून दिसतच नाही. कवचाच्या मागच्या कडेपाशी दोन उथळ खळगे असतात आणि भिंगातून पाहणाऱ्याला त्यांवरून त्याची ओळख पटते.

या किड्याला लाकूड पचत नाही, त्याला हवा असतो तो पिष्टमय पदार्थ. बांबूच्या कांडात साधारण निम्मा भाग मऊ पेशींचा असतो आणि त्यांत बांबू आपला स्टार्च साठवतो. फणसाच्या खोडात कीड सहसा बाहेरच्या फिकट लाकडात थांबते, गाभा शाबूत राहतो. बांबूला असा गाभाच नसल्याने त्याची सगळी भिंत खाण्याजोगी ठरते. मात्र वरची गुळगुळीत, सिलिकायुक्त साल किड्याला सहसा भेदता येत नाही. तो शिरतो तो कापलेल्या टोकातून, पेरावरच्या तासलेल्या फांद्यांच्या जागेतून किंवा चिरलेल्या कामटीच्या आतल्या अंगाने. मादी भिंतीत आडवे बोगदे कोरून तिथे अंडी घालते. त्यांतून निघालेल्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या धाग्यांच्या दिशेने उभे पोखरत जातात आणि मागचा बोगदा स्वतःच्याच पिठाने गच्च भरत राहतात. उबदार दमट हवेत वर्षभरात अनेक पिढ्या होतात, हे आपल्या किनाऱ्यावर वेगळे सांगायला नको.

म्हणूनच बांबू कधी तोडला, याला फवारणीपेक्षा अधिक महत्त्व आहे. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात बांबूच्या बेटातला स्टार्चचा साठा खर्च होतो आणि उन्हाळ्यापर्यंत तो पुन्हा भरतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तोडलेला माणगा बांबू लवकर पोखरला जातो आणि पावसाळा सरल्यावर हिवाळ्यात तोडलेला पुष्कळ टिकतो. फुलोरा येऊन गेलेल्या बेटाचा साठा तर बियांत संपलेला असतो, त्या बांबूकडे हा किडा फारसा फिरकत नाही. अमावास्येला बांबू तोडण्याचा जुना दंडक अनेक घरांत पाळला जातो. ऋतूमागचे कारण पक्के आहे, चंद्राला मात्र मी त्याच पंगतीत बसवणार नाही. शंका असेल तर ताज्या कापावर आयोडिनचे पातळ द्रावण लावावे. स्टार्च भरपूर असेल तर काप निळा-काळा पडतो.

वहाळात दगडांखाली दोन-तीन आठवडे बांबू दाबून ठेवण्याची रीतही याच कारणाने उपयोगी आहे. पाण्यात विरघळणारी साखर निघून जाते, बराचसा स्टार्च सूक्ष्मजीव फस्त करतात आणि बांबूला वास सुटतो; बांबू सावलीत उभा करून वाळवल्यावर तो वास जातो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवणे, परंतु पावसात भिजणाऱ्या कुंपणाला त्याचा उपयोग नाही, कारण हे क्षार पाण्याबरोबर धुऊन जातात. पीठ पडू लागल्यावर वरून रॉकेल किंवा वॉर्निश चोपडण्यात फारसा अर्थ नसतो, कारण अळ्या तोवर भिंतीच्या आत खोल गेलेल्या असतात.