इन्सुलिन देणे (परिचर्या)

इन्सुलिन देणे : डॉक्टरांनी लिहून दिलेली इन्सुलिनची मात्रा परिचारिकेने मधुमेही रुग्णाला ठरल्या वेळी, बहुधा त्वचेखालच्या चरबीत टोचणे आणि त्यानंतर त्याच्या रक्तातील साखर व जेवण यांवर लक्ष ठेवणे. सुई बाहेर काढली की काम संपले, असे या औषधाबाबत नसते. मात्रेतली जी चूक दुसऱ्या एखाद्या औषधात पचून जाते, ती इथे जिवावर बेतू शकते. म्हणून पोटॅशियम क्लोराइड, हेपॅरिन यांच्या पंगतीत इन्सुलिनही ‘हाय अलर्ट’ औषधांत गणले जाते आणि अनेक रुग्णालयांत भरलेली सिरिंज दुसऱ्या परिचारिकेला दाखवूनच टोचण्याचा नियम असतो.

टोरांटो येथे १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून साखर उतरवणारा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये गुरांच्या स्वादुपिंडापासून काढलेला तसा अर्क लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचला गेला. पहिले इंजेक्शन अर्क अशुद्ध असल्यामुळे फारसे साधले नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने साखर खाली आली. त्या काळी अर्काची ताकद प्रत्येक घाण्याला वेगळी असायची, त्यामुळे वजनात मात्रा सांगण्याला अर्थ नव्हता. उपाशी ठेवलेल्या सशाच्या रक्तातील साखर किती उतरते, यावरून ‘युनिट’ ठरवले गेले. म्हणजे युनिट हे परिणामाचे माप आहे, आकारमानाचे नाही. वॉर्डातल्या निम्म्या गोंधळाचे मूळ हे विसरण्यात आहे.

भारतात व्हायलमधले (औषधाच्या छोट्या बाटलीतले) इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलीत ४० युनिट या ताकदीचे मिळते, तर इन्सुलिन पेनच्या (पेनासारख्या टोचण्याच्या साधनाच्या) कार्ट्रिजमधले आणि काही व्हायलमधले १ मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिली भरतो. तिच्यात चुकून १०० ताकदीचे इन्सुलिन ओढले तर रुग्णाच्या अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० ताकदीचे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले तर जेमतेम ८ युनिट मिळतात. साखर उतरत नाही, मग मात्रा वाढवली जाते, आणि पुढे योग्य सिरिंज हाती आली की त्याच वाढीव आकड्याने घात होतो. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढू नये, त्याचेही एक कारण हेच. एका रुग्णाचे पेन सुई बदलून दुसऱ्याला वापरणे तर साफ निषिद्ध, कारण कार्ट्रिजमध्ये रक्त उलटे शिरू शकते. केस पेपरवर आकड्यापुढे नुसते ‘यू’ हे इंग्रजी अक्षर काढले तर ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायला दोन सेकंद लागतात.

परिचर्येत ‘फाइव्ह राइट्स’ शिकवतात : रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ, पाचही बरोबर हवेत. इन्सुलिनच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित राहते ती वेळ. लिस्प्रो, अस्पार्ट ही जलद इन्सुलिने १०–१५ मिनिटांत काम सुरू करतात, म्हणून ताट समोर आल्यावरच द्यायची. प्लेन म्हणजे रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासात सुरू होते, २ ते ४ तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि परिणाम ६ ते ८ तास टिकतो. ते जेवणाआधी अर्धा तास देतात. गढूळ दिसणारे एनपीएच हे मध्यम काळ काम करणारे इन्सुलिन साधारण ४ ते १० तासांत जोरात असते, तर ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन ठळक चढउतार न होता सुमारे दिवसभर पुरते. प्लेन आणि एनपीएच एकाच सिरिंजमध्ये घ्यायचे असल्यास आधी स्वच्छ, मग गढूळ. ग्लार्जिन आम्लधर्मी असल्याने कशातच मिसळत नाहीत.

ही वेळापत्रके पुस्तकात सरळ दिसतात. प्रत्यक्षात रात्रपाळीची सिस्टर हँडओव्हरपूर्वी सगळ्यांना प्लेन देऊन मोकळी होते आणि नाश्त्याची गाडी तासभर उशिरा येते. कुणाला सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेले असते, कुणाची संकष्टी असते आणि त्याने ती सांगितलेली नसते. ‘आज उपवास आहे का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वॉर्डात ग्लुकोमीटरइतकाच उपयोगी आहे. शिवाय उपवासाच्या साबुदाणा खिचडीने साखर चढते ती वेगळीच. रुग्ण उपाशी असेल तर मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारायचे, आपल्या मनाने इन्सुलिन रद्द करायचे नाही. टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) रुग्णाचे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पूर्ण थांबवले तर कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ले साठून होणारी जीवघेणी अवस्था) होऊ शकतो.

टोचण्याची जागा पोट, मांडी, दंड किंवा नितंब. पोटावरून शोषण सर्वांत जलद होते; बेंबीलगतची जागा सोडावी. एकाच ठिकाणी रोज टोचल्यास तिथे चरबीची गाठ धरते आणि शोषण बेभरवशाचे होते. गाठीवर दुखत नाही म्हणून रुग्ण स्वतःच तीच जागा पुढे करतो. टोचल्यावर चोळू नये.

साखर ७० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की हायपो समजतात : घाम, थरथर, धडधड, भूक, मग असंबद्ध बोलणे. बीटा ब्लॉकर (रक्तदाब व हृदयविकारावरची औषधे) घेणाऱ्यांत थरथर व धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. मूत्रपिंडे अधू असतील तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळते. शुद्धीवरच्या रुग्णाला १५ ग्रॅम ग्लुकोज, नाहीतर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालायचे नाही. शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) द्यावे लागते.

न उघडलेली व्हायल २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरत नाहीत. उघडलेली व्हायल साधारण २८ दिवस चालते, म्हणून तिच्यावर उघडल्याची तारीख लिहितात. फ्रिज नसलेल्या घरी पाणी झिरपणाऱ्या मातीच्या मडक्यात व्हायल ठेवायला सांगतात. डिस्चार्जच्या वेळी रुग्णाकडून निदान एकदा सिरिंज भरून घ्यावी आणि तिच्या टोपणाचा रंग व व्हायलवरचा आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला लावावा. गावातल्या दुकानात लाल टोपणाची सिरिंज संपली की केशरी हातात पडते, तेव्हा जवळ सिस्टर नसते.