रोबोट्रॉन : २०८४

रोबोट्रॉन : २०८४ हा शिकागो येथील विल्यम्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेला आर्केड व्हिडिओ गेम. यूजीन जार्व्हिस आणि लॅरी डेमार यांनी ‘व्हिड किड्झ’ या नावाने तो तयार केला. डाव्या जॉयस्टिकने चालायचे आणि उजवीने गोळी झाडायची, ही त्याची मुख्य खूण. दोन जॉयस्टिकचे खेळ त्याआधीही निघाले होते. तायतो या जपानी कंपनीचा ‘स्पेस डन्जन’ १९८१ चा आहे. तरीही ‘ट्विन-स्टिक शूटर’ म्हटले की जाणकार तुलना रोबोट्रॉनशीच करतात, आणि ती योग्यच आहे.

कथा चार ओळींची आहे. २०८४ साली माणसाने घडवलेले रोबोट्रॉन माणसालाच कुचकामी ठरवतात आणि संपवायला निघतात. खेळाडू म्हणजे जनुकीय प्रयोगातल्या चुकीतून जन्मलेला अतिमानव. मॉमी, डॅडी आणि मायकी या शेवटच्या मानवी कुटुंबाला त्याने वाचवायचे. खेळ सुरू झाल्यावर यातले काही आठवायला सवड मिळत नाही.

उगम : जार्व्हिस यांच्या उजव्या हाताला मोटार अपघातात दुखापत झाली. हात प्लास्टरमध्ये असताना नेहमीचे जॉयस्टिक आणि बटण वापरणे त्यांना जमेना. त्या काळात त्यांच्या डोक्यात स्टर्न कंपनीचा ‘बर्झर्क’ (१९८०) घोळत होता. त्यात गोळी झाडताना खेळाडूचा माणूस जागीच थांबतो, कारण दिशा दाखवणारी जॉयस्टिक एकच असते आणि तीच नेमही ठरवते. बटण काढून त्या जागी दुसरी जॉयस्टिक बसवली की ही अडचण सुटते. सुरुवातीच्या आराखड्यात गोळीबार नव्हताच; रोबोंना हुलकावण्या देत विजेच्या इलेक्ट्रोडवर आणून आपटवायचे, एवढाच खेळ होता. तो लवकर कंटाळवाणा झाला. मग गोळ्या आल्या, आणि गोळ्या आल्यावर रोबोंची संख्या वाढवत नेली तशी मजा वाढत गेली. इलेक्ट्रोड आजही खेळात आहेत, ते त्या पहिल्या आराखड्याचे अवशेष.

पडदा आणि हालचाल : संपूर्ण खेळ एकाच काळ्या पडद्यावर चालतो. कडेला भिंत, आत मोकळे मैदान. आडोसा नाही, चक्रव्यूह नाही, बाहेर पडायला दार नाही. याच जार्व्हिस यांच्या ‘डिफेंडर’मध्ये (१९८१) संकटात दाबायला स्मार्ट बॉम्ब (पडद्यावरचे सगळे शत्रू मारणारा) आणि हायपरस्पेस (दुसरीकडे उडी मारणारे) अशी बटणे होती, इथे दोन जॉयस्टिक आणि स्टार्टची बटणे सोडली तर पॅनेलवर काहीच नाही.

दोन्ही जॉयस्टिक आठ दिशांच्या आहेत, आणि खेळाचे मर्म या आठ दिशांत आहे. गोळी उभी, आडवी किंवा तिरकी जाते. मधल्या कोनात जात नाही. त्यामुळे बुद्धिबळातल्या घोड्यासारखा अडीच घरांवर उभा असलेला शत्रू उजव्या हाताला लागूच शकत नाही. त्याला मारायचे तर डाव्या हाताने एक-दोन पावले सरकून त्याला आपल्या रेषेवर घ्यावे लागते. म्हणजे गोळी उजवा हात झाडत असला तरी नेम डाव्या हाताने धरला जातो. शिवाय त्याच डाव्या हातावर जीव वाचवण्याची जबाबदारी असते. ही ओढाताण प्रत्येक सेकंदाला नव्याने सोडवावी लागते, म्हणून चाळीस वर्षांनंतरही हा खेळ पाठ होत नाही.

नवशिक्याचे दोन्ही हात एकमेकांच्या मागे जातात. ज्याच्यावर गोळी झाडतो त्याच्याच दिशेने तो धावतो आणि त्याच्यावर आपटून मरतो. उपाय सोपा आहे. पहिल्या फेरीत १५ ग्रंट (अंगावर चालून येणारे साधे रोबो) आणि थोडे इलेक्ट्रोड एवढेच शत्रू असतात. तिथे उजवी जॉयस्टिक एकाच दिशेला दाबून धरायची आणि डाव्या हाताने वर्तुळे काढायची. हात सुटे झाले की मागे सरकत पुढे गोळीबार करायला शिकायचे. खरा खेळ तिथून सुरू होतो.

शत्रू : प्रत्येक रोबोचा एकच स्वभाव आहे आणि तो त्याच्या आकारावरून ओळखू येतो. ग्रंट (१०० गुण) सरळ खेळाडूच्या अंगावर येतात आणि फेरी लांबली की वेग वाढवतात. वाटेत इलेक्ट्रोड आला तर त्यावर आपटून मरतात. हल्क मरत नाही. गोळीने फक्त मागे ढकलला जातो आणि मंदावतो. तो मन मानेल तसा हिंडतो आणि पायाखाली आलेल्या माणसाला चिरडतो. हल्क सोडून बाकी सगळे रोबो संपले की फेरी संपते.

स्फेरॉइड (१,००० गुण) हे धडधडणारे गोल स्वतः निरुपद्रवी दिसतात, पण त्यातून एन्फोर्सर (१५० गुण) बाहेर पडतात. एन्फोर्सरच्या ठिणग्या वाकड्या वाटेने येतात, त्यांना आठ दिशांचे बंधन नसते. त्यामुळे स्फेरॉइड दिसताक्षणी आधी त्याच्याकडे धावायचे हा अनुभवी खेळाडूंचा नियम आहे. एक स्फेरॉइड वेळीच मारला तर हजार गुण मिळतात आणि पुढचे एन्फोर्सर जन्मतच नाहीत. सातव्या फेरीपासून येणारे क्वार्क (१,००० गुण) असेच टँक (२०० गुण) जन्माला घालतात. टँकचे गोळे भिंतीवर आपटून परत येतात, म्हणून टँकच्या फेरीत भिंतीला चिकटून राहणे महागात पडते. ग्रंटांच्या फेरीत मात्र कडेकडेने पळणेच सोयीचे असते. हा फरक न कळलेला खेळाडू सातव्या फेरीत अडकतो.

ब्रेन (५०० गुण) पाचव्या फेरीत आणि त्यानंतर दर पाच फेऱ्यांनी येतात. ते माणसांना पकडून त्यांचे ‘प्रोग’ करतात, आणि ज्याला वाचवायला निघालो तोच उलटून अंगावर येतो. शिवाय ते नागमोडी जाणारी क्षेपणास्त्रे सोडतात. ती गोळीने पाडता येतात, पण एकेकीला २५ च गुण मिळतात.

गुणांचे गणित : माणसाला स्पर्श केला की तो वाचतो. पहिल्याचे १,०००, दुसऱ्याचे २,०००, असे वाढत पाचव्यापासून पुढे प्रत्येकाचे ५,०००. फेरी बदलली किंवा खेळाडू मेला की मोजणी पुन्हा १,००० वर येते. कारखान्यातून आलेल्या मांडणीत दर २५,००० गुणांना एक जादा जीव मिळतो. नुसते रोबो मारून तिथे पोचायला खूप वेळ लागतो. जीव कमवायचे ते माणसे वाचवूनच. म्हणून सुरक्षित कोपरा सोडून गर्दीत घुसण्याचा मोह खेळाने मुद्दाम ठेवला आहे.

पाचव्या फेरीत हे सर्वांत ठळक दिसते. तिथे १५ मॉमी आणि एकच मायकी असतो. सोळाही जण न मरता वाचवले तर पहिल्या चौघांचे १०,००० आणि उरलेल्या बारांचे ६०,००० मिळून ७०,००० गुण, म्हणजे जवळजवळ तीन जीव. आणि इथेच खेळातली सर्वांत लाडकी चूक आहे : मायकी जिवंत असेपर्यंत सगळे ब्रेन मॉमींना सोडून त्याच्याच मागे लागतात. त्यामुळे मायकीला शेवटपर्यंत न वाचवता मोकळे फिरू द्यायचे, तोवर मॉमी गोळा करायच्या आणि रांगेने जाणारे ब्रेन बाजूने टिपायचे. चुकून मायकीला स्पर्श होऊन तो वाचला तर पुढच्या क्षणी सगळ्या मॉमी धोक्यात येतात.

चाळिसाव्या फेरीनंतर २१ ते ४० या फेऱ्या पुन्हा पुन्हा येतात. फेरीचा आकडा एका बाइटमध्ये साठवलेला असल्याने २५५ नंतर तो उलटतो आणि खेळ पुन्हा सुरुवातीच्या सोप्या फेऱ्यांवर येतो.

यंत्र : मुख्य प्रोसेसर मोटोरोला ६८०९, वेग सुमारे १ मेगाहर्ट्झ. आवाजासाठी वेगळा ६८०० कुळातला प्रोसेसर आहे. एवढ्या मंद प्रोसेसरने पडदाभर रोबो हलवणे शक्य नव्हते. म्हणून विल्यम्सने चित्रांचे तुकडे स्मृतीत उचलून ठेवणाऱ्या खास ब्लिटर चिप वापरल्या. पडद्यावर एका वेळी २५६ पैकी १६ रंग दिसतात आणि रंगांची ती यादी सतत फिरवून चमक आणली जाते. आवाज एका वेळी एकच वाजतो. कोणता आवाज दाबून कोणता वाजायचा याचा क्रम ठरलेला आहे, त्यामुळे गोंधळातही महत्त्वाची सूचना कानाला कळते. सराईत खेळाडू निम्मा खेळ कानाने खेळतात म्हणतात, ते यामुळे.

दुरुस्ती : जुनी कॅबिनेट (खेळाची उभी यंत्रे) चालू ठेवणाऱ्यांना तेच ते बिघाड भेटतात. पहिला संशयित म्हणजे सीपीयू (मुख्य प्रोसेसर) बोर्डावरचे तीन एए सेल. ते उच्चांक आणि मांडणी जपून ठेवतात. विसरले गेले की गळतात आणि खालच्या तांब्याच्या रेषा खातात. सेल काढून तारांनी बोर्डापासून दूर बसवणे किंवा त्यांची गरज नसलेली स्मृती लावणे, हे दोन उपाय आहेत.

दुसरे दुखणे रॅमचे, म्हणजे खेळ चालताना वापरल्या जाणाऱ्या स्मृतीचे. ४८ किलोबाइट स्मृती २४ ‘४११६’ चिपमध्ये आहे आणि या चिपला +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. −५ व्होल्ट गायब असताना १२ व्होल्ट पोचले तर चिप जळतात. म्हणून बोर्ड जोडण्याआधी तिन्ही व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावेत. घाईत हेच राहून जाते. यंत्र सुरू होताना गालिच्यासारखी नक्षी दिसते आणि मग चाचणी ठीक असल्याचा संदेश येतो. नक्षीवरच अडकले तर आधी व्होल्टेज, मग बोर्डांमधली रिबन केबल, मग रॉमचे (प्रोग्राम साठवलेल्या चिपचे) सॉकेट तपासायचे. काळवंडलेल्या पिना हे कारण खराब चिपपेक्षा जास्त वेळा निघते.

जॉयस्टिकमध्ये धातूच्या पातळ पत्त्यांचे स्विच आहेत. तिरक्या दिशेसाठी दोन स्विच एकदम जुळावे लागतात. पत्त्यांमधले अंतर जास्त झाले की तिरकी गोळी सरळ जाऊ लागते. फार कमी झाले तर हात सोडल्यावरही माणूस सरकत राहतो. पत्ती चिमट्याने किंचित वाकवून सर्व्हिस मोडमधल्या (यंत्राच्या तपासणी-मेनूतल्या) स्विच चाचणीत आठही दिशा तपासाव्यात. संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कोऱ्या कार्डाने पुसावेत. पॉलिशपेपर लावला तर वरचा मुलामा जातो आणि दुखणे महिन्याभरात परत येते.

एक बिघाड मात्र यंत्राचा नव्हे, प्रोग्रामचा आहे. पडद्याच्या कोपऱ्यात मारलेल्या विशिष्ट गोळीने खेळ कोलमडतो आणि यंत्र पुन्हा सुरू होते. १९८७ मध्ये ही चूक दुरुस्त केलेला रॉम तयार झाला.

घरी खेळताना : घरगुती आवृत्त्यांची खरी अडचण दुसऱ्या जॉयस्टिकची होती. अटारी ५२०० च्या आवृत्तीबरोबर दोन कंट्रोलर शेजारी-शेजारी धरणारा साचा मिळे, पण त्या कंट्रोलरची दांडी सोडल्यावर आपोआप मध्यावर येत नसे, त्यामुळे थांबणे अवघड जाई. आज एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, पॅनेल जड आणि टेबलाला घट्ट हवे. मूळ कॅबिनेटवर खेळाडू अंगचा जोर लावतो, तो हलक्या पेटीला झेपत नाही. दोन, दोन्ही जॉयस्टिक एकाच जातीच्या, सारख्या स्प्रिंगच्या घ्याव्यात. तीन, अंगठ्याची ॲनालॉग स्टिक वापरायची तर तिचे वर्तुळ ४५ अंशांच्या आठ सारख्या भागांत वाटलेले आहे ना ते तपासावे. काही मांडण्यांत तिरक्या दिशांना अरुंद जागा मिळते आणि मग दोष खेळाडूच्या माथी येतो. कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्यावर एखादी कळ दखलच घेत नाही, त्यामुळे स्वस्त कीबोर्डवर सातव्या फेरीपुढे जाणे कठीण.

वारसा : जार्व्हिस आणि मार्क टर्मेल यांचा ‘स्मॅश टीव्ही’ (१९९०) हीच जॉयस्टिकची जोडी घेऊन आला, त्यात दोघांना एकत्र खेळता येते आणि पडद्याला दारे आहेत. जेफ मिंटर यांचा याच धर्तीचा ‘लामाट्रॉन’ १९९१ चा. २००५ मधल्या ‘जॉमेट्री वॉर्स : रेट्रो इव्हॉल्व्ह्ड’ने हा प्रकार एक्सबॉक्स ३६० वर पुन्हा लोकप्रिय केला, पण ॲनालॉग स्टिकमुळे तिथे गोळी कोणत्याही कोनात जाते. अडीच घरांवरचा शत्रू आता जागच्या जागी मारता येतो. डाव्या हाताकडे फक्त पळणे उरते, आणि खेळ कठीण ठेवायला पडदा कितीतरी जास्त शत्रूंनी भरावा लागतो.