जैवविघटनशील अब्जांश कण (औषधमोचन)

शरीरात विघटन पावणाऱ्या बहुवारिकांचे (पॉलिमरचे) औषधवाहक कण. व्याख्येप्रमाणे आकार १ ते १,००० नॅनोमीटर. प्रत्यक्षात बहुतेक १०० ते ३०० मध्ये सापडतात. पीएलजीए (लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांचे बहुवारिक), पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन), कायटोसान (कवचातील कायटिनपासूनचे) व अल्ब्युमिन (एक प्रथिन) ही नेहमीची द्रव्ये.

उगमाचे श्रेय बहुधा झुरिचच्या पेटर श्पायझर यांच्या गटाला (१९६० च्या दशकाची अखेर) देतात. पण त्यांचे पॉलिॲक्रिलामाइड कण शरीरात विघटत नसत. अल्ब्युमिनचे गोलक १९७२ च्या सुमाराचे, मात्र ते निदानासाठी होते. शीर्षकातील विशेषण काटेकोर धरले, तर पॅट्रिक कुव्हरर व सहकाऱ्यांचे १९७९ चे पॉलिअल्किलसायनोॲक्रिलेट कण हाच आरंभ मानणे सयुक्तिक.

कोल्हापुरात एम. फार्म.च्या विद्यार्थ्याला सोपी पडते ती नॅनोअवक्षेपण पद्धत (फेसी, १९८९), म्हणजे विरघळलेले बहुवारिक पाण्यात सोडून त्याचे कण पाडणे. ५० मिग्रॅ. पीएलजीए व ५ मिग्रॅ. औषध ५ मिलि. ॲसिटोनमध्ये विरघळवून, ०.५ ते १ टक्का पोलोक्सामर १८८ (कण एकमेकांना चिकटू न देणारे द्रव्य) असलेल्या २० मिलि. पाण्यात ढवळत थेंबथेंब सोडतात. ॲसिटोन उडाल्यावर कण सेंट्रिफ्यूज करून धुतात आणि ट्रेहॅलोज ही साखर घालून गोठण-शुष्कन (गोठवून निर्वातात सुकवणे) करतात. ट्रेहॅलोज विसरले की वडी बनते, ती पुन्हा पाण्यात सुटत नाही. पाण्यात विरघळणारे औषध या पद्धतीत पाण्यातच निसटते; त्याला दुहेरी पायसच (पाणी-तेल-पाणी असे इमल्शन) हवे.

इथल्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. पावसाळ्यात पीएलजीएची बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडली, तर आत दव धरते आणि बहुवारिकाचे जलविच्छेदन (पाण्याने तुटणे) तिथेच सुरू होते. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती बंद ठेवावी. कोरड्या ५०:५० (लॅक्टिक व ग्लायकोलिक समसमान) पीएलजीएचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर ते मऊ पडते ते, ४५° से.च्या आसपास असते, पण पाण्यात ते ३०° से.कडे घसरते. एप्रिलमध्ये ओले कण मऊ होऊन चिकटतात ते यामुळे. म्हणून सेंट्रिफ्यूज ४° से.ला लावतात.

मोचन (कणातून औषध बाहेर पडणे) सुरुवातीला पृष्ठभागावरच्या औषधामुळे एकदम होते, नंतर विसरण (औषध हळूहळू बाहेर झिरपणे) व बहुवारिकाच्या झिजेने सावकाश. ५०:५० पीएलजीए साधारण एक-दोन महिन्यांत संपते. लॅक्टिकचा वाटा वाढवला की जास्त टिकते. मोजणी डायलिसिस पिशवीत (कण अडवून औषध बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्याच्या पिशवीत), पीएच ७.४ व ३७° से.ला करतात. पिशवी स्वतःच औषध अडवते, तेव्हा नुसत्या औषधाची जोडचाचणी न घेता काढलेला 'संथ मोचना'चा आलेख खरा धरू नये.

पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाचे सुमारे १३० नॅनोमीटरचे अल्ब्युमिन कण अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झाले. त्यांना नियंत्रित मोचनाचे उदाहरण म्हणणे ओढूनताणून वाटते. रक्तात ते लवकरच विखुरतात.