कृष्णधवल फिल्मची वर्णसंवेदनक्षमता

कृष्णधवल फिल्मवर रंग उमटत नाहीत, त्यांचा उजेड तेवढा करड्या छटांत उतरतो. पण कोणत्या रंगाचा उजेड किती उतरणार, हे फिल्मगणिक बदलते. फिल्मच्या या गुणाला वर्णसंवेदनक्षमता म्हणतात. त्यामुळेच लाल पागोटे एका फोटोत काळे, तर दुसऱ्यात करडे दिसू शकते.

इंदूरच्या मराठी घरांतले जुने अल्बम चाळताना हे हटकून जाणवते. नऊवारी नेसलेल्या पणजीच्या कपाळावरचे कुंकू कोळशासारखे काळे दिसते आणि पणजी बुक्का लावत होती की काय, अशी शंका येते. कुंकू लालच होते. प्लेटला, म्हणजे फिल्मसारखाच लेप दिलेल्या काचेला, लाल दिसत नव्हते. फिल्मच्या लेपातले सिल्व्हर ब्रोमाइडचे कण मुळात अतिनील, जांभळा व निळा प्रकाशच शोषून घेतात. साधारण 500 नॅनोमीटरच्या पुढे त्यांची संवेदना जवळजवळ संपते. कुंकवावरून येणारा उजेड मुख्यतः लाल, म्हणून निगेटिव्हवर ती जागा कोरीच राहते आणि छापल्यावर काळी होते. झेंडूच्या माळा, हळदीचा हात, लुगड्याचा लाल काठ या सगळ्यांची तीच गत. उलट फिकट निळे लुगडे जवळपास पांढरे उमटते. अशा फोटोवरून कपड्यांचे रंग ठरवू पाहणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ 1866 मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि 1870 च्या दशकात त्यांनी हाती कॅमेरा घेतला. तेव्हाच्या प्लेटा अशाच, निळ्याला धार्जिण्या. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. अशा प्लेटेवर तपकिरी लाकडातली नक्षी उठून दिसावी एवढा वेळ उजेड दिला, की वरचे आकाश केव्हाच कोरे पांढरे होऊन जाणार. म्हणून त्या काळच्या फोटोत ढग नाहीत, एवढ्यावरून तो दिवस निरभ्र होता असे मानू नये. ढग हवेच असतील तर आकाशाची वेगळी निगेटिव्ह घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापत.

1873 मध्ये जर्मन रसायनज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळले, की लेपात ठरावीक रंजकद्रव्य मिसळले तर ते हिरवा-पिवळा उजेड शोषते आणि त्याचा परिणाम चांदीच्या कणांपर्यंत पोचवते. यातून ऑर्थोक्रोमॅटिक, थोडक्यात ऑर्थो, प्लेटा आल्या. पाने, पिवळी फुले यांच्या छटा सुधारल्या, पण लाल काळेच राहिले. ओठ गडद येत, चेहऱ्यावरचे तांबूस डाग उठून दिसत. एक सोय मात्र होती : डार्करूममध्ये लाल दिवा लावून ही प्लेट डोळ्यांदेखत धुता येई. 1906 मध्ये रॅटन अँड वेनराइट या इंग्रज कंपनीने लालही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा विक्रीस आणल्या. त्या हाताळायच्या तर पूर्ण अंधार हवा.

पॅनक्रोमॅटिक फिल्मने सगळे प्रश्न सुटले, हा समज खरा नाही. हिरवेगार लुगडे आणि त्याला लाल काठ डोळ्यांना किती वेगळे वाटतात! पण दोन्हींची उजळी सारखी असेल तर या फिल्मवर ते एकाच करड्या छटेत उतरतात आणि काठ अंगात मिसळून जातो. जुन्या ऑर्थोवर तोच काठ काळाभोर उठला असता. इथे फिल्टर, म्हणजे भिंगापुढे लावायची रंगीत काच, कामी येतो. फिल्टर आपल्या रंगाचे उजळवतो आणि विरुद्ध रंगाचे गडद करतो. हिरवा लावला तर काठ काळवंडतो. लाल लावला तर काठ उजळतो, लुगडे गडद होते, पण कपाळावरचे कुंकूही फिके पडते. ही निवड ज्याची त्याने करायची. पिवळ्या फिल्टरने आकाश थोडे गडद होऊन ढग उठतात, लाल फिल्टरने आकाश काळपट होते. त्याची किंमतही मोजावी लागते : पिवळ्याला साधारण दुप्पट उजेड लागतो, गडद लालला आठपट.

विजेच्या पिवळट बल्बात निळा अंश कमी असल्याने तिथे ऑर्थो फिल्म फारच मंद पडते, म्हणजे तिला जास्त उजेड द्यावा लागतो.

काळ्या कुंकवावरून फोटोचा काळ ठरवणे मात्र धोक्याचे आहे. पॅनक्रोमॅटिक आल्यावरही ऑर्थो फिल्म वापरातून गेली नाही. 2019 मध्ये इलफर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीने कॅमेऱ्याच्या रोलमध्ये ऑर्थो प्लस ही फिल्म नव्याने आणली. ती घालून आजही फोटो काढला, तर कुंकू पणजीच्या फोटोतल्यासारखेच काळे येईल.