रबर कडक झाले की ग्रामोफोनचा आवाज का बसतो

चावीचा जुना ग्रामोफोन दुरुस्तीसाठी उघडला, तर पितळ आणि पोलाद बहुधा धडधाकट सापडते. दगा दिलेला असतो तो रबराने आणि जस्ताच्या ओतीव भागांनी, आणि त्याचे मूळ या यंत्राच्या घडणीतच आहे.

एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. सुरुवातीची यंत्रे हाताने फिरवावी लागत, त्यामुळे सूर हेलकावत असे. अमेरिकेतल्या कॅमडेनच्या एल्ड्रिज जॉन्सन यांनी स्प्रिंगची मोटर दिल्यावर ही अडचण दूर झाली. या मोटरचे दुखणे सहसा किरकोळ असते: डब्यातले ग्रीस सुकते, स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि मध्येच धप्पकन सुटतात. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन ग्राफाइटचे नवे ग्रीस भरले की काम भागते, मात्र डबा उघडण्यापूर्वी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवलाच पाहिजे.

खरी नाजूक जागा साऊंड बॉक्सची, म्हणजे सुईच्या थरथरीचा आवाज करणाऱ्या डबीची. त्यात अभ्रकाची पातळ चकती रबराच्या दोन पोकळ कड्यांमध्ये बसवलेली असते. चकतीला हलायला मोकळीक हवी, पण कडेने हवा निसटता कामा नये; ही दोन्ही कामे ते मऊ रबर एकट्याने करते. हवेतल्या प्राणवायूने रबर हळूहळू कडक होते, मग चकती जखडते, खर्ज नाहीसा होतो, आवाज चिरका येतो आणि ताठरलेली सुई तबकडीची खाच खरवडू लागते. म्हणून असे यंत्र ‘चालते आहे ना’ म्हणून तसेच वाजवत राहणे मला पटत नाही. तबकडी एकदा झिजली की ती भरून येत नाही.

पुढे साऊंड बॉक्सचे मागचे झाकण आणि काही यंत्रांत सुईची भुजाही जस्ताच्या मिश्रधातूत ओतली जाऊ लागली. त्या काळच्या जस्तात शिशाचा अंश राहून जाई. अशी धातू आतल्या आत गंजते, फुगते, तिला भेगा पडतात आणि स्क्रू आवळून बसतात. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. अमेरिकेत १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्तापासून ‘झामॅक’ ही मिश्रधातू तयार झाली, पण तोवर असंख्य भाग ओतून झाले होते.

रबराची कडी बदलणे त्या मानाने सोपे असते. संग्राहक पूर्वी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरत, आता सिलिकॉनची बारीक नळी मिळते. नळी अचूक मापाने कापून तिची दोन्ही टोके एकमेकांना जेमतेम टेकतील अशी बसवायची. टोके एकमेकांवर चढली, तर चकतीवर एका बाजूने दाब येतो. अभ्रकाच्या मध्यावरचा बारीक स्क्रू आणि त्याभोवतीचे मेण शाबूत असेल, तर त्याला हात लावू नये. झाकणाचा स्क्रू फिरत नसेल, तर जोर करू नये, कारण फुगलेले जस्त बिस्किटासारखे तुटते.