युरिनटाउन

दुष्काळ आणि गरिबांची लूट यांवरचे काळ्या विनोदाचे अमेरिकन संगीत नाटक. संहिता ग्रेग कोटिस यांची, संगीत मार्क हॉलमन यांचे, गीते दोघांची. तुटपुंज्या पैशांत युरोपात फिरताना पॅरिसमध्ये लघवीलाही पैसे मोजावे लागले, त्यातून कोटिस यांना हे नाटक सुचले.

नाटकातल्या शहरात २० वर्षे दुष्काळ आहे. घरोघरची शौचालये बंद झाली आहेत आणि सार्वजनिक मुताऱ्या एकाच कंपनीच्या ताब्यात आहेत. पैसे न भरता उघड्यावर बसणाऱ्याला 'युरिनटाउन'ला हद्दपार करतात. सुरुवातीलाच ९ नंबरच्या, सर्वांत गलिच्छ मुतारीपुढे सकाळची रांग लागते. म्हाताऱ्या स्ट्राँगकडे पैसे कमी पडतात. तिथली व्यवस्थापक पेनीवाइज त्याला आत सोडत नाही. तिच्याच हाताखाली काम करणारा त्याचा मुलगा बॉबी नुसता बघत राहतो. अखेर म्हातारा रस्त्यावरच मोकळा होतो आणि पोलीस त्याला घेऊन जातात. हसता हसता घास अडकावा, असा हा प्रवेश आहे. मुंबईकर बायकांना तो परका वाटणार नाही: पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा अन्याय 'राइट टू पी' चळवळ २०११ पासून मांडत आली आहे.

लॉकस्टॉक हा पोलीसच नाटकाचा सूत्रधार, आणि छोटी सॅली त्याला अडचणीचे प्रश्न विचारणारी. हा बाज जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा, त्यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वरून पु. ल. देशपांड्यांनी केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'मुळे (१९७८) तो मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचा आहे.

नाटक १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिंज महोत्सवात प्रथम झाले. तिथल्याच ब्रॉडवे या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवरचा शुभारंभ ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे आठवडाभर लांबून २० सप्टेंबर २००१ रोजी झाला. तिथे ९६५ प्रयोग झाले. संहिता, संगीत-गीते आणि जॉन रँडो यांचे दिग्दर्शन यांसाठी २००२ चे तीन टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे मानाचे पुरस्कार, मिळाले.

या नाटकाचे खरे धाडस शेवटात आहे. बॉबी बंड करतो. त्याला कंपनीच्या गच्चीवरून खाली फेकले जाते, तेव्हा कळते की युरिनटाउन नावाचे गावच नाही, ते म्हणजे मरण. कंपनीच्या मालकाची मुलगी होप हिचे बॉबीवर प्रेम असते. ती बंडाचे नेतृत्व हाती घेते, बापाची सत्ता उलथते आणि मुताऱ्या सर्वांना खुल्या करते. लोक आनंदाने नाचतात. पण पाऊस काही पडत नाही. कंपनी लुटत होती, तरी तिच्या जाचक नियमांनी पाणी पुरवून पुरवून वापरले जात होते. आता तेही संपते. मरणाच्या दारात उभे असलेले लोक लोकसंख्येच्या वाढीचा धोका सांगणाऱ्या माल्थसचा जयजयकार करतात आणि पडदा पडतो.